धाप लागली की विश्वास का खचतो?

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की महाविद्यालयाच्या व्यायामशाळेत गर्दी होते आणि गणपती येईपर्यंत ती ओसरते. याचे खापर आपण आळसावर फोडून मोकळे होतो. पण व्यायाम चांगला, हे यांतल्या कोणाही विद्यार्थ्याला पटवून द्यावे लागत नाही. डळमळीत असतो तो 'हे मला जमेल' हा विश्वास, आणि मानसशास्त्रात मत व विश्वास या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात.

या विश्वासाचा सिद्धांत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडला. त्यांच्या व्यायामविषयक प्रश्नावलीत 'थकलेले असताना', 'हवामान प्रतिकूल असताना' व्यायाम करता येईल याची खात्री ० ते १०० या मापावर विचारली जाते. हा विश्वास चार वाटांनी घडतो: स्वतः ते काम पार पाडून, आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहून, इतरांनी धीर दिल्याने आणि आपल्या शरीराच्या संकेतांचा आपण जो अर्थ लावतो त्यातून. मला ही चौथी वाट सर्वांत रंजक वाटते.

पर्वतीच्या पायऱ्या गप्पा मारत चढणारी, सवय नसलेली एखादी विद्यार्थिनी पाहा. निम्म्यावर तिचे वाक्य मध्येच तुटते. स्नायूंची ऊर्जेची मागणी वाढल्याने तिथे लॅक्टेट हे संयुग आणि आम्लता वाढवणारे हायड्रोजन आयन वेगाने तयार होऊ लागलेले असतात. रक्तातील बायकार्बोनेट या आयनांना आवरते, परंतु त्या अभिक्रियेतून जादा कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. मानेतील धमन्यांपाशी व मेंदूत असलेले संवेदक तो टिपतात, मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातील श्वसनकेंद्र श्वासाचा वेग वाढवते, आणि फुफ्फुसांतून बाहेर जाणारी हवा घेतलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाबाहेर वाढू लागते. श्वास असा वाढू लागतो तो श्रमाचा उंबरठा; तो ओलांडला की बहुतेकांना व्यायाम नकोसा वाटू लागतो. सवय नसलेल्यांच्या वाट्याला तो फार लवकर येतो. शरीरात सारे काही यथास्थित चालू असते. पण मैत्रीण निवांत बोलत असताना आपल्याला धाप लागली, याचा अर्थ ती विद्यार्थिनी 'आपला हा पिंडच नाही' असा लावते.

अशा वेळी 'घाम गाळा, वेदना सोसा' हा समाजमाध्यमांवरील उपदेश तिला नेमका उंबरठ्यापलीकडे ढकलतो. '२१ दिवसांत सवय' हा दावाही तितकाच पोकळ आहे. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ९६ जणांवरील अभ्यासात सवय पक्की व्हायला लागणाऱ्या काळाचा मध्यक, म्हणजे मधोमध येणारा आकडा, ६६ दिवसांचा आला, आणि व्यक्तीगणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता.

म्हणून सुरुवातीला बोलता येईल इतक्याच वेगाने चढावे. नियमित श्रमाने पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तद्रवाचे, म्हणजे रक्तातील पातळ भागाचे, प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते आणि त्याच चढावर नाडी थोडी संथ राहते. स्नायूंतील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) वाढायला त्याहून अधिक काळ लागतो. मग एके दिवशी वाक्य तुटते ते दहा पायऱ्या वर गेल्यावर, आणि ते तिचे तिलाच कळते.