ग्रॅम रंजनाची पार्श्वभूमी: फुप्फुसाच्या चकतीपासून जिवाणूंच्या वर्गीकरणापर्यंत

वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासात जिवाणूंची पहिली विभागणी ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅम रंजनात, म्हणजे जिवाणू रंगवण्याच्या ठरावीक पद्धतीत, जांभळा रंग धरून ठेवणारे) आणि ग्रॅम-निगेटिव्ह (तो सोडून देणारे) अशी शिकवली जाते आणि परीक्षेतही पहिला प्रश्न बहुधा तिच्यावरच येतो. ज्या माणसाच्या नावाने ही विभागणी ओळखली जाते, त्याला मात्र जिवाणूंचे वर्गीकरण करायचेच नव्हते. रोग्याच्या ऊतींमध्ये दडलेले जिवाणू नजरेस पडावेत, एवढीच त्याची अपेक्षा होती.

जिवाणू दिसणे ही तेव्हा खरोखरच अडचणीची बाब होती. डच सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ लेव्हेनहुक यांनी 1676 साली रॉयल सोसायटीला कळवलेले सूक्ष्म जीव पाण्यात हालचाल करत होते, म्हणून ते लक्षात आले. स्थिर, रंगहीन आणि पारदर्शक जिवाणू मृत ऊतीच्या पातळ चकतीत शोधणे ही वेगळीच गोष्ट होती. ही कोंडी फोडली ती कापड रंगवण्याच्या उद्योगाने. 1856 साली विल्यम पर्किन यांनी मॉव्ह हा कृत्रिम रंग तयार केल्यानंतर डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलीन रंगांची रीघ लागली आणि 1870 च्या दशकात कार्ल वायगर्ट, रॉबर्ट कॉख व पॉल एर्लिख यांनी ते रंग सूक्ष्मदर्शकाखाली आणले. कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला, त्यामागे रंजनाची हीच नवी साधने होती. त्याच वर्षी एर्लिख यांना असे आढळले की, हा जंतू एकदा रंगला की आम्लाने धुतला तरी रंग सोडत नाही. त्सील आणि नीलसेन यांच्या सुधारणांनंतर तीच पद्धत आज आम्लरोधी रंजन म्हणून शिकवली जाते.

हान्स क्रिस्टियन ग्रॅम हे डेन्मार्कचे तरुण डॉक्टर याच सुमारास बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडर यांच्याबरोबर काम करत होते. न्यूमोनियाने दगावलेल्या रोग्यांच्या फुप्फुसांचे छेद, म्हणजे पातळ चकत्या, तपासताना त्यांची अडचण अशी होती की, रंग जिवाणूंना लागे तसाच पेशींच्या केंद्रकांनाही लागे आणि मग काय कोणते हे ओळखता येत नसे. ग्रॅम यांनी एर्लिख यांचा ॲनिलीनयुक्त जेन्शियन व्हायोलेट रंग वापरला, त्यावर आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण घातले आणि मग छेद अल्कोहोलने धुतला. केंद्रके फिकी पडली, जिवाणू मात्र गडद जांभळे राहिले. 1884 साली ही पद्धत प्रसिद्ध करताना, ती सदोष आणि अपुरी असल्याची जाणीव आपल्याला आहे, असे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. हा निव्वळ विनय नव्हता, कारण विषमज्वराच्या जंतूंसारखे काही जिवाणू केंद्रकांप्रमाणेच रंग सोडून देत होते आणि जिवाणू शोधण्याच्या पद्धतीत हा उघड दोषच ठरत होता. आज ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू गुलाबी दिसतात ते सॅफ्रानिनसारख्या प्रतिरंगामुळे, म्हणजे शेवटी दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या रंगामुळे, आणि हा रंग पद्धतीत नंतर आला.

दोष वाटणाऱ्या या फरकाचा उपयोग न्यूमोनियाच्या वादात लगेच दिसला. फ्रीडलेंडर यांनी वर्णन केलेला जंतू आणि आल्बेर्ट फ्रेंकेल यांनी वर्णन केलेला जंतू यांपैकी न्यूमोनियाचे खरे कारण कोणते, यावर दोघांत तीव्र मतभेद होते. फ्रेंकेल यांचा जंतू, म्हणजे आजचा न्यूमोकोकस, ग्रॅमच्या पद्धतीत रंग धरून ठेवतो. फ्रीडलेंडर यांचा, म्हणजे आजचा क्लेब्सिएला, तो सोडतो. दोन्ही जिवाणूंमुळे न्यूमोनिया होऊ शकतो. फक्त पहिला कितीतरी अधिक वेळा आढळतो.

रंग धरणे वा सोडणे कशामुळे घडते, हे मात्र अनेक दशके कोणालाच नीट सांगता आले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि पेशीभित्तिकेचे रासायनिक विश्लेषण उपलब्ध झाल्यावर चित्र स्पष्ट झाले. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंमध्ये पेप्टिडोग्लायकनचा, म्हणजे पेशीभित्तिकेला बळकटी देणाऱ्या जाळीदार पदार्थाचा, थर साधारण 20 ते 80 नॅनोमीटर जाड असतो. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंमध्ये तो 10 नॅनोमीटरहूनही पातळ असून त्याच्या बाहेर लिपोपॉलिसॅकराइड (मेद आणि शर्करा यांचे संयुग) असलेले आणखी एक पटल असते. रिचर्ड फायफर यांनी 1892 साली पटकीच्या जंतूंवर काम करताना ज्याला एंडोटॉक्सिन म्हटले, ते विष याच बाह्य पटलाचा भाग आहे. फ्लेमिंग यांच्या पेनिसिलिनचा प्रभाव मुख्यतः ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर का दिसला, याचेही एक कारण हेच पटल आहे. खुद्द फ्लेमिंग यांनी 1929 च्या निबंधात पेनिसिलिनचा एक उपयोग असा सुचवला होता की, इतर जिवाणूंची वाढ थोपवून ग्रॅम-निगेटिव्ह असलेला इन्फ्लुएन्झा बॅसिलस वेगळा काढावा. विद्यार्थी या दोन गटांतील फरकांचा जो तक्ता पाठ करतात, त्याचे बहुतेक रकाने असे एका पेशीभित्तिकेतून निघालेले आहेत आणि हे ध्यानात आले की पाठांतराचा भार पुष्कळ हलका होतो. अपवादही तिथेच उलगडतात: मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेशीभित्तिकाच नाही, म्हणून तो या विभागणीत रंगाच्या कसोटीवर बसत नाही आणि पेनिसिलिनलाही दाद देत नाही.

रंजनाची क्रिया प्रत्यक्ष कशी घडते, हे 1983 साली डेव्हिस, बेव्हरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनच्या जागी प्लॅटिनमचे संयुग वापरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रंग दोन्ही प्रकारच्या पेशींत शिरतो. अल्कोहोलमुळे ग्रॅम-निगेटिव्ह पेशीचे बाह्य पटल उद्ध्वस्त होऊन रंग बाहेर पडतो, तर जाड भित्तिकेत तो अडकून राहतो. तोही कायमचा नव्हे. अल्कोहोल फार वेळ ठेवले तर ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूही रंग सोडतात आणि जुन्या संवर्धनातील, भित्तिका खिळखिळी झालेल्या पेशी तर फारच लवकर सोडतात. प्रात्यक्षिक परीक्षेत विरंजनाच्या, म्हणजे अल्कोहोलने रंग धुण्याच्या, पायरीवर काही सेकंदांची चूक झाली की ग्रॅम-पॉझिटिव्ह स्टॅफिलोकोकसही गुलाबी दिसतो, तो याच कारणाने.