मिसळीला खिडकी हवी

मिसळ समोर आली की फोन निघतो आणि हॉटेलात अंधार असेल तर फ्लॅशही उडतो. मग फोटोत तर्रीच्या मधोमध एक पांढरा ठिपका, फरसाण चपटं आणि वाटीमागे काळी कड. फोन महागाचा असला तरी यात फारसा फरक पडत नाही. दोष दिव्याच्या आकाराचा आणि त्याच्या जागेचा आहे.

सावली मऊ पडणार की कडक, हे दिवा किती प्रखर आहे त्यावर ठरत नाही. पदार्थाच्या जागी बसून पाहिलं तर दिवा केवढा दिसतो, यावर ठरतं. फ्लॅशचा उजेड देणारा भाग ५ मिलिमीटरचा धरला, तर ४० सेंटिमीटरवरून तो जेमतेम पाऊण अंशाचा दिसतो. सूर्य प्रत्यक्षात अवाढव्य, पण आपल्याला दिसतो अर्ध्या अंशाचा. म्हणून भर दुपारी गच्चीवर काढलेला फोटोही फ्लॅशच्या फोटोसारखाच कडक येतो. आता मीटरभर रुंद खिडकीपासून एक मीटरवर वाटी ठेवा. वाटीच्या दृष्टीने तो दिवा ५३ अंशांचा झाला. शेवेच्या काडीने खिडकीचा डावा भाग अडवला तरी उजव्या भागातला उजेड पोचतोच आणि सावलीची कड हळूहळू विरत जाते. शाळेत ग्रहणाच्या धड्यात प्रच्छाया आणि उपच्छाया शिकवतात, तेच हे. वाटी खिडकीपासून ३ मीटरवर नेली की तीच खिडकी १९ अंशांवर येते. उजेड कमी होतोच, शिवाय कडकही होतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर जुनं पांढरं धोतर आडवं टांगावं. ऊन त्यात विखुरतं आणि ते कापडच दिवा बनतं.

चित्रकारांच्या कार्यशाळेची खिडकी उत्तरेला असावी, असा युरोपात जुना रिवाज आहे. तिथे सूर्य बहुतांश वेळ दक्षिणेकडे असल्याने उत्तरेच्या खिडकीतून फक्त आकाशाचा पसरलेला उजेड येतो. हा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा उचलला जातो, पण तो बारा महिने लागू पडत नाही. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर; दुसरा जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या दरम्यान सूर्य उगवण्यापासून मावळेपर्यंत आकाशाच्या उत्तर भागातच असतो. तेवढे दिवस चित्रकाराची खिडकी आपल्याकडे दक्षिणेची! अर्थात जूनमध्ये ढग आले की हा हिशोब बाजूला राहतो, कारण ढगाळ आकाश हाच डोक्यावरचा सर्वांत मोठा दिवा. पावसाळी दुपारी बाल्कनीत काढलेल्या भज्यांच्या फोटोला काहीही करावं लागत नाही.

आकार झाला, आता दिशा. फ्लॅश भिंगाला चिकटून असतो, त्यामुळे बहुतेक सावल्या वस्तूंच्या मागे दडतात. उंचवटा आणि खळगा मात्र आपण उजेड-सावलीच्या चढउतारावरूनच ओळखतो. मेंदूशास्त्रज्ञ वि. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये साध्या छायांकित वर्तुळांवर हे दाखवलं: मेंदू गृहीत धरतो की उजेड वरून येतोय. वर्तुळाचा वरचा भाग उजळ असेल तर फुगवटा दिसतो, चित्र उलटं केलं की तोच खळगा. ताटाचा फोटो वरून काढताना हे नेमकं नडतं. खिडकी चौकटीच्या खालच्या बाजूला आली तर टम्म फुगलेली पुरी आत दबल्यासारखी दिसू शकते. उपाय फुकटचा: ताटाच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं, म्हणजे खिडकी चौकटीच्या वरच्या कडेला येते.

तर्रीला मात्र वरून टिपूच नये, असं माझं ठाम मत. तेलाचा लालपणा आणि तेलाची चकाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल रंग मिरचीतल्या कॅप्सँथिनसारख्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा. ती तेलात विरघळतात, म्हणून रंग रश्श्यातून उठून तवंगात जमतो. तेलात शिरलेला उजेड त्यातून गाळून बाहेर येतो आणि लाल दिसतो. चकाकी तेलाच्या पृष्ठभागावरूनच परतते, आत शिरतच नाही, त्यामुळे तिचा रंग दिव्याचा: पांढरा. उजेड सरळ वरून पडला तर तेल त्यातला जेमतेम ४ टक्के असा आरशासारखा परतवतं. पण पृष्ठभागाशी २० अंशांचा तिरका कोन करून आला तर १६ टक्क्यांच्या आसपास, आणि १० अंशांवर ३८ टक्क्यांपर्यंत. हा हिशोब एकोणिसाव्या शतकात फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेलने मांडला. म्हणून खिडकी वाटीच्या मागे, किंचित बाजूला हवी आणि फोन समोरून बराच खाली. वरून टिपलेल्या तर्रीत प्रतिबिंब छताचं पडतं, नाहीतर आपल्याच हाताचं.

चकाकी गेली तर काय होतं, हे पाहायचं असेल तर पोलराइज्ड गॉगलची काच फोनच्या भिंगासमोर धरून फिरवा. तेलावरून ५६ अंशांच्या आसपास (हा कोन पृष्ठभागाशी नव्हे, उभ्या रेषेपासून मोजलेला) परतणारा उजेड एकाच दिशेत कंप पावतो आणि एका विशिष्ट स्थितीत ती काच तो अडवते. तर्रीचा रंग तोच राहतो, पण गरमागरमपणा जातो. ओलं, ताजं, तेलाळ हे सगळं डोळा त्या पांढऱ्या ठिपक्यांवरून वाचत असतो.

वाफेलाही मागचा उजेड लागतो. खरी वाफ अदृश्य असते. आपल्याला दिसतात ते थंड हवेत तयार झालेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. ते उजेड मुख्यतः पुढच्या दिशेला विखुरतात, म्हणजे मागून आलेला उजेड थेट कॅमेऱ्याकडे. पार्श्वभूमी गडद असेल तर वाफ उठून दिसते. पांढऱ्या भिंतीसमोर ती असूनही नसल्यासारखी.

खिडकीपाशी बसल्यावर घरातला दिवा बंद करावा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. पिवळ्या बल्बचा उजेड २७०० केल्विनच्या आसपास, दुपारच्या उन्हाचा ५५००, आणि नुसत्या निळ्या आकाशाचा कधी १०,००० पर्यंत. हा फरक मेंदू सतत आतल्या आत वजा करत असतो, म्हणून भात आपल्याला दोन्हीकडे पांढराच दिसतो. ही वजाबाकी किती बेभरवशाची असते, ते २०१५ मध्ये इंटरनेटवर गाजलेल्या त्या पोशाखाने दाखवलं: तो होता निळा-काळा, पण कित्येकांना पांढरा-सोनेरी दिसला. कॅमेरा साधारणपणे अख्ख्या चौकटीसाठी एकच दुरुस्ती करतो. एका बाजूने खिडकी आणि दुसऱ्या बाजूने बल्ब असेल, तर अर्धा भात निळसर आणि अर्धा पिवळट निघणारच.

एलईडीची गोष्ट आणखी निराळी. पांढरी एलईडी बहुधा मुळात निळी असते. तिच्यावरचा पिवळा लेप काही निळा उजेड बदलून बाकीचे रंग भरून काढतो. त्यात गडद लाल कमी पडतो, आणि जो रंग दिव्यातच नाही तो तर्री कुठून परतवणार? दिव्याच्या खोक्यावरचा सीआरआय हा आकडा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी गुण, आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल त्या आठांत नाहीच, त्यामुळे ८० गुणांचा दिवाही तिखटाला न्याय देईलच असं नाही.

उकडीच्या मोदकाचं दुखणं वेगळंच आहे. पांढऱ्या ताटलीत पांढरा मोदक ठेवला की फोटोत तो करडा होतो. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं, म्हणजे सुमारे १८ टक्के उजेड परतवणारं असतं, या गृहीतावर कॅमेऱ्याचं मोजमाप फार पूर्वीपासून उभं आहे. उकड त्याच्या कितीतरी पट उजेड परतवते. कॅमेऱ्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो चौकट अंधारी करतो. नवे फोन थोडंफार ओळखतात, तरी मोदकावर बोट टेकवून बाजूचं सूर्याचं चिन्ह वर सरकवलेलं बरं. कळ्या दिसायला उजेड बाजूने हवा. उकड जराशी अर्धपारदर्शक असल्याने तो आत शिरून विखुरतो आणि कळ्यांच्या कडा उजळतात. खाली केळीचं पान असेल तर पानावरून उसळलेला हिरवा उजेड मोदकाच्या बुडाला लागतो. मला तो आवडतो. ज्यांना नको त्यांनी पान थोडं मागे सरकवावं.

भिंगाबद्दल एवढंच: फोन पदार्थाच्या नाकाला लावू नये. १५ सेंटिमीटरच्या ताटलीपासून १५ सेंटिमीटरवर फोन धरला, तर जवळची कड दूरच्या कडेपेक्षा दुप्पट मोठी दिसते. ४५ सेंटिमीटरवर गेलात तर फरक जेमतेम एक तृतीयांश. मागे सरकून दुप्पट झूम करावा. पोर्ट्रेट मोडचा धूसरपणा बहुतांशी हिशोबाने चढवलेला असतो. कोथिंबिरीच्या काड्या त्याला नीट सापडत नाहीत आणि अर्धी जुडी पार्श्वभूमीत विरघळते.

आणि घाई. फरसाणातल्या बारीक पोकळ्या केशाकर्षणाने रस्सा वर ओढतात, शेव मऊ पडून बसते, वाफ थांबते. म्हणून खिडकी, धोतर, कोन, उजेडाचं माप, सगळी मांडामांड रिकाम्या वाटीवर उरकून घ्यायची. मग उसळ, त्यावर फरसाण, कांदा, कोथिंबीर; तर्री सगळ्यात शेवटी, चमच्याने, कडेकडेने. पाव तोवर गार झाला तर चालतो, फोटोत तो कळत नाही.