रात्र तीच, गाडी डीजेची

विदर्भातल्या खेड्यात नाइटक्लब कधी आलाच नाही. येणार तरी कसा? क्लब म्हटला की आधी बारचा परवाना आला. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ ला लागली आणि २०२१ मध्ये उठली. (मोहाची मिळत नाही असं नाही, पण तिला परवाना लागत नाही.) तरी लगीनसराईत कुठल्याही गावात जा, पिकअपवर रचलेले बेसचे स्पीकर, वर टॉप, मागे जनरेटर, धुरात झोत फिरवणाऱ्या शार्पी लाइटी आणि समोर घामाघूम पोट्टे. शहरात हे चार भिंतींच्या आत असतं, इथं ते चाकांवर आहे.

हे सगळं मुंबई-पुण्याचं पाहून आलं असं म्हणतात. मला ते पटत नाही. पोट्ट्यांच्या हातात मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून इथली गावं रात्र जागवत आली आहेत.

झाडीपट्टीचंच घ्या. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा पट्टा. दिवाळीच्या सुमारास धान निघतं, हातात पैसा येतो, मग मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि पटाच्या रात्री नाटक. पाहुणे बैलांसाठी आलेले असतात, पण मुक्काम नाटकासाठी. कापणी झालेल्या वावरात कापड बांधून नाट्यगृह उभं राहतं, तिकीट फाडून माणसं आत जातात, पुढं तणसावर पोरं झोपतात आणि तांबडं फुटेपर्यंत खेळ चालतो. दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांवर वाढलेल्या या रंगभूमीचं ठाणं वडसा म्हणजे देसाईगंज. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शंकरपटावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, ती २०२१ च्या डिसेंबरात सशर्त उठली. मधल्या वर्षांत पट नव्हता, नाटकं मात्र होत राहिली.

बौद्ध वस्त्यांमध्ये हीच रात्र कव्वालीच्या दुय्यम मुकाबल्याची. दोन पार्ट्या, एक सवाल टाकणार, दुसरी पहाटेपर्यंत जवाब देणार. तुकडोजी महाराजांची खंजेरी तर गावोगाव होतीच. म्हणजे जागरणाची सवय जुनीच. फरक एवढाच, की तेव्हा गाव बसून ऐकायचं.

गाव उभं केलं ते संदलनं. नागपूरच्या ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर चंदनाचा लेप मिरवत नेतात, ती संदल. तिच्यापुढं वाजणाऱ्या ताशा-ढोलालाच नागपूरकडं ‘संदल’ म्हणू लागले आणि तो गणपतीलाही लागला, वरातीलाही. त्याच्या जोडीला धुमाल आला: गाडीवर कॅसिओ, ऑक्टोपॅड आणि अंगात भिनणारा ठेका. बेस खेड्यात पोचण्याआधी पाय तयार झाले होते ते या धुमालवर. मग बॅन्डवाल्यांची पंधरा-वीस माणसं, त्यांचं जेवण, त्यांचे कोट, यापेक्षा चार पोरं आणि एक पेनड्राइव्ह परवडू लागला. चौदा एप्रिलची मिरवणूकही याच गाडीमागं नाचू लागली, भीमगीतांना नवा ठेका मिळाला.

गंमत म्हणजे इंग्लंडात १९८८-८९ च्या सुमारास तरुण क्लब सोडून शेतात, गोदामात नाचायला गेले, आणि त्यांना रोखायच्या १९९४ च्या कायद्यात सरकारला ‘पुन:पुन्हा येणाऱ्या ठोक्यांचं संगीत’ अशी व्याख्या लिहावी लागली. आपला कायदा ठोक्यात पडत नाही, तो डेसिबल मोजतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. रात्री दहा ते सहा भोंगा बंद, वर्षात पंधरा दिवस मात्र बारापर्यंत सूट देता येते.

आकडे कागदावर ठीक. गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत मी ओट्यावर बसलो होतो. गाडी अजून चार घरं लांब होती, तेवढ्यात घरातली म्हातारी उठली आणि फळीवरचे पितळी डबे एकेक करून खाली ठेवू लागली. शेवटचा डबा ठेवला आणि म्हणाली, “आता येऊ दे.” छातीत काय होतं ते मला तेव्हाच कळलं, डबे मात्र वाचले.

दहाला पोलिसांची गाडी आली. जनरेटर बंद झाला, शार्पी विझल्या. मिनिटभर सगळे तसेच अंधारात उभे. मग कोणीतरी संदलवाल्याचा ढोल गळ्यात अडकवला. याला वायर नाही, त्यामुळं हे चालतं, असा पोट्ट्यांचा हिशोब. २०१० च्या दुरुस्तीत वाद्यंही त्या नियमात आली आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.