टुंड्रा

टुंड्रा : उत्तर ध्रुवाभोवतालचा थंड, वृक्षहीन प्रदेश. अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंडची किनारपट्टी आणि युरोप-सायबेरियाचा उत्तर काठ असा त्याचा पट्टा आहे. ‘टुंड्रा’ हा शब्द सामी लोकांच्या भाषेतून रशियनमार्गे जगभर गेला. उंच पर्वतांवर वृक्षरेषेच्या वर अशीच खुरटी वनस्पती दिसते. त्या भागाला अल्पाइन टुंड्रा म्हणतात.

इथे झाडे नाहीत याचा दोष सहसा हिवाळ्याला दिला जातो, पण तो तेवढा खरा नाही. सायबेरियातील ओइम्याकोन येथे १९३३ मध्ये उणे ६७.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तरीही त्या भागात लार्च या सूचिपर्णी वृक्षाची जंगले आहेत. अडते ते उन्हाळ्यापाशी. सर्वांत उबदार महिन्याचे सरासरी तापमान १० अंशांच्या वर जात नाही, तिथे झाडाला उंच वाढण्याइतकी ऊब मिळत नाही.

टुंड्राचे सारे गणित जमिनीखाली आहे. सलग दोन किंवा अधिक वर्षे गोठलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात फक्त तिच्यावरचा मातीचा थर वितळतो. कुठे वीतभर, कुठे हात-दोन हात. वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १५० ते २५० मिलिमीटर. मुंबईत जुलैच्या एखाद्या मुसळधार दिवशी तेवढा पडून जातो. तरी टुंड्रा उन्हाळ्यात दलदलीने भरलेला असतो, कारण खालच्या गोठलेल्या थरामुळे पाणी मुरतच नाही. हिवाळ्यात जमीन आकसून तडकते, भेगांत उतरलेले पाणी गोठते आणि वर्षानुवर्षे बर्फाची पाचर रुंदावत जाते. विमानातून हा प्रदेश सुकलेल्या तळ्याच्या तळासारखा भेगाळलेला दिसतो. फक्त इथला एकेक तुकडा दहा-वीस मीटरांचा असतो.

आर्क्टिक विलो हा आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद. तो इथे जमिनीला चिकटून सरपटतो, कारण वाऱ्यापासून आडोसा आणि मातीची ऊब तिथेच मिळते. घोट्याएवढी उंची, पण वय शंभरीपार असू शकते. रेनडिअर ज्यावर हिवाळा काढतात ते ‘रेनडिअर मॉस’ नावाने शेवाळ असले तरी प्रत्यक्षात दगडफूल आहे. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच जातकुळीतले. बर्फ खुरांनी उकरून ते खाल्ले जाते आणि पुन्हा वाढायला त्याला कित्येक वर्षे लागतात. म्हणूनच सायबेरियातील यामाल द्वीपकल्पावरचे नेनेत्स जमातीचे पशुपालक कळप एका जागी ठेवत नाहीत. कळपामागून त्यांचे ‘चूम’ नावाचे तंबूही हलत राहतात.

२०१६ च्या कडक उन्हाळ्यात याच यामालमध्ये अँथ्रॅक्सची साथ आली. दोन हजारांहून अधिक रेनडिअर आणि एक मुलगा दगावला. वितळत्या जमिनीतून जुन्या संसर्गाचे बीजाणू वर आले असावेत, असे मानले जाते. उत्तरेकडील पर्माफ्रॉस्टमध्ये वातावरणाच्या सुमारे दुप्पट कार्बन साठलेला आहे. ही जमीन वितळते तेव्हा जिवाणू तो कुजवतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड व मिथेन बाहेर पडतात. ही चिंता केवळ उत्तरेची नाही.

साचलेल्या पाण्यावर उन्हाळ्यात डास-चिलटांचे थवेच्या थवे उठतात. माणसाला ते नकोसे होतात, पण चिखलपक्ष्यांना तीच मेजवानी. ठाणे खाडीच्या चिखलात हिवाळाभर टिपत फिरणारा चिमणीएवढा छोटा टिलवा उन्हाळ्यात इथे येतो. जमिनीवरच्या उथळ खळग्यात विलोची इवलीशी पाने अंथरतो आणि त्यावर बहुधा चार अंडी घालतो.