सल्ला-सदर

वाचकांनी खासगी अडचणी पत्राने कळवायच्या आणि सदरलेखकाने त्यांना छापील उत्तर द्यायचे, असे नियतकालिकातील सदर. पत्रलेखकाचे नाव प्रसिद्ध केले जात नाही. फार तर आद्याक्षर किंवा टोपणनाव येते.

उगम : या सदराचा आरंभ लंडनचा ग्रंथविक्रेता जॉन डंटन याच्या ‘अथेनियन मर्क्युरी’ या नियतकालिकापासून मानतात. पहिल्या अंकाची तारीख कुठे १७ मार्च १६९०, तर कुठे १७ मार्च १६९१ आढळते. हा फरक कालगणनेचा आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला लागे. म्हणून जुन्या हिशेबाचे १६९० तेच आजचे १६९१, आणि येथे तेच धरले आहे. अंक म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेला एकच कागद. प्रश्न एका कॉफीगृहाच्या पत्त्यावर येत आणि ‘अथेनियन सोसायटी’ उत्तरे देई. नाव विद्वत्सभेचे असले तरी मुख्य भार तिघांवरच होता : स्वतः डंटन, त्याचा साडू सॅम्युएल वेस्ली (मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याचा पिता) आणि गणितज्ञ रिचर्ड सॉल्ट. धर्मशास्त्र व निसर्गविज्ञान यांच्या शेजारीच प्रेम व विवाह यांविषयीचे प्रश्न छापले जात. हे नियतकालिक १६९७ पर्यंत चालले.

डंटनला स्वतःच्या विवाहबाह्य संबंधाबद्दल नाव न सांगता सल्ला हवा होता, त्यातून ही कल्पना निघाली, अशी कथा वारंवार सांगितली जाते. तिच्यापेक्षा त्याच्या १७०५ च्या आत्मचरित्रातील निवेदन अधिक विश्वसनीय वाटते : विचारणाऱ्याला झाकून ठेवायचे आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, एवढीच अंधुक कल्पना प्रथम सुचली, असे तो म्हणतो. सल्ला-सदराचे सारे मर्म या झाकण्यात आहे.

१६९३ मध्ये केवळ स्त्रियांसाठी निघालेले ‘लेडीज मर्क्युरी’ चार अंकांतच थांबले. तेही डंटनचेच, असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. मात्र त्यात अथेनियन मंडळींना परके समजून संबोधले आहे. त्यामुळे ते दुसऱ्या कोणाचे असावे, हे मत सयुक्तिक दिसते.

प्रसार : न्यूयॉर्कच्या ‘फॉरवर्ड’ या यिडिश (पूर्व युरोपीय ज्यूंची भाषा) वृत्तपत्राने १९०६ पासून स्थलांतरितांच्या पत्रांना उत्तरे दिली; जपानच्या ‘योमिउरी’ वृत्तपत्रात असे सदर १९१४ मध्ये सुरू झाले. मराठीत रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७–५३) मासिकाने वाचकांच्या लैंगिक शंकांना आडपडदा न ठेवता उत्तरे दिली. त्यांवरूनच १९३४ मध्ये खटला झाला. वाचकांनी शंका विचारल्यावर उत्तर का देऊ नये, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बचावाचा गाभा होता. कर्व्यांना दंड झाला. मासिक पुढेही निघत राहिले, ही या प्रकाराच्या इतिहासातील अतिशय धैर्याची घटना होय.

चित्ररूप : सल्ला-सदराची ॲनिमेशन वेब मालिका होते, तेव्हा पत्र आवाजात ऐकू येते आणि माणसे रेखाटलेली असतात. नाव झाकण्याची अट येथेही पाळता येते, कारण कोणाचाही खरा चेहरा दाखवावा लागत नाही. परंतु ‘सासूशी पटत नाही’ एवढ्या ओळीत पत्रलेखिकेचे वय, वेश, घर यांतले काहीच नसते. चित्रकाराला मात्र ते ठरवावेच लागते. पात्राला पशुपक्ष्याचे रूप दिले, की यातील बराचसा भाग टाळता येतो.