कारवानी पळण्याआधी आणि पळून आल्यावर

ज्वारीची काढणी उरकली, रान मोकळं झालं की मंगळवेढा-सांगोल्याकडे कारवानी जातीची कुत्री पाळणाऱ्यांना ती पळवायची ओढ लागते. कुत्रं गाडीतून उतरवायचं, पट्टा सोडायचा आणि दम लागून परत आलं की पाणी पाजून पुन्हा गाडीत घालायचं, अशीच रीत बहुतेक ठिकाणी दिसते. पळण्याआधीची दहा मिनिटं आणि नंतरची दहा मिनिटं त्यात कुठेच नसतात. जनावराचं बरंवाईट मात्र बरंचसं त्याच वीस मिनिटांत ठरतं.

भरधाव पळताना या जातीच्या कुत्र्याची पाठ कमानीसारखी आत मिटते आणि सरळ ताणली जाते. एका झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात. असा ताण थंड, आखडलेल्या स्नायूवर एकदम आला तर तो फाटू शकतो. शर्यतीत पळणाऱ्या ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांमध्ये मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू फाटणं ही नेहमीची दुखापत आहे. स्नायू थोडा तापला की तो लवकर आकुंचन पावतो, सहज ताणला जातो आणि त्याला रक्तही जास्त मिळतं. म्हणून आधी पाच मिनिटं पट्ट्यावर साधं चालवावं, मग दोन-तीन मिनिटं दुडक्या चालीनं न्यावं आणि शेवटी एक-दोन छोट्या धावा द्याव्यात. त्यानंतर फार वेळ बांधून ठेवू नये, नाहीतर केलेली तयारी वाया जाते.

डिसेंबरच्या पहाटे हे सगळं पुरेपूर करावं. एप्रिल-मे महिन्यांत मात्र हात आखडता घ्यावा, कारण स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेतला सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं आणि एका जोरदार शर्यतीनंतर ग्रेहाउंडचं ४१ पर्यंत जातं. सोलापुरात पारा ४२ वर गेला की हवाच कुत्र्याच्या अंगापेक्षा गरम असते. तेव्हा सावलीत चार पावलं चालवणं पुरे. खरं तर त्या दिवसांत सूर्य वर आल्यावर कुत्रं सोडूच नये. ऑस्ट्रेलियात ग्रेहाउंडांची मोजमापं घेतली तेव्हा वजनदार आणि गडद रंगाची कुत्री जास्त तापलेली आढळली. काळं कारवानी असेल त्यानं हे विशेष ध्यानात ठेवावं.

आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला जेमतेम पंजाच्या गाद्यांना. त्याची सगळी मदार धापांवर. एरवी मिनिटाला वीस-तीस असणारे श्वास तीनशेच्या वर जातात. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना एकेक ग्रंथी असते आणि ती नाक ओलं ठेवायला पाणी पुरवते, हे १९७२ साली संशोधकांनी दाखवलं. ते पाणी उडून जाताना रक्त गार करतं. आपली उन्हाळ्यातली कोरडी हवा इथे उपयोगी पडते, फक्त अंगातलं पाणी झपाट्यानं संपतं. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की आपल्याला गार वाटतं, पण हवेत दमटपणा असतो. ओलावा उडत नाही, धापा फुकट जातात. मृगाच्या दिवसांत म्हणूनच जास्त जपावं लागतं.

पळणं थांबलं तरी कुत्र्याचं तापमान पुढची काही मिनिटं चढतच राहतं. म्हणून परत आल्याबरोबर त्याला बंद गाडीत कोंबणं सगळ्यात वाईट. त्याचा तोल जात नसेल, ते सुस्त पडलं नसेल तर सावलीत सावकाश फिरवत ठेवावं. हळू चालण्यानं, जोरात पळताना स्नायूंत साठलेलं लॅक्टेट नावाचं द्रव्य बसून राहण्यापेक्षा लवकर निघून जातं आणि पायांतलं रक्त हृदयाकडे परत येत राहतं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी कामाच्या कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. व्यायामानंतर कुत्र्यानं स्वतःहून डोकं पाण्यात बुडवलं, तर पळणं थांबल्यावरही होणारी तापमानाची वाढ थांबते आणि तापमान लवकर उतरतं, असं त्यात दिसलं. मला हा उपाय फार आवडतो, कारण त्याला विहिरीवरचा हौद किंवा एक घमेलं पुरतं. आधी थंड वेळी, घरीच, पाण्याच्या तळाशी आवडता खाऊ टाकून सवय लावायची. धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं डोकं जबरदस्तीनं मात्र कधीही दाबू नये, पाणी फुप्फुसात जाईल. त्याला बुडी मारायची नसेल तर पोट, जांघा आणि काखेत भरपूर पाणी ओतून वारा घालावा. ओलं गोणपाट पाठीवर पांघरून ठेवू नये. ते थोड्याच वेळात कोमट होतं आणि खालची वाफ अडवतं.

जिभेकडे लक्ष ठेवावं. तापलेल्या कुत्र्याची जीभ टोकाला रुंद, पसरट होऊन लोंबते. दहा मिनिटांत ती आत यायला लागली नाही, हिरड्या गडद लाल झाल्या, चाल डगमगली किंवा उलटी झाली, तर तो उष्माघात समजून जागेवरच पाणी ओतायला सुरुवात करावी आणि मग जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं. पुढचे दोन-तीन दिवस लघवीचा रंगही बघावा. ती तांबूस-तपकिरी झाली आणि पाठीला हात लावल्यावर कुत्रं कळवळलं, तर स्नायूंचे तंतू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात उतरत असतं. तेव्हा उद्यापर्यंत थांबू नये.