दुधात जे नसते, त्याचा परिणाम

हिवताप लहान मुलांना सर्वाधिक मारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात या रोगाने सुमारे ५ लाख ९७ हजार लोक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी बहुतेक मृत्यू आफ्रिकेत झाले आणि तेथील मृतांमध्ये दर चारांपैकी सुमारे तीन मुले पाच वर्षांखालची होती. तरीही जिथे हिवताप वर्षभर ठाण मांडून असतो, तिथेसुद्धा जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळांना तीव्र हिवताप तुलनेने क्वचितच होतो. नेमक्या याच महिन्यांत बाळ मुख्यतः अंगावरच्या दुधावर असते, त्यामुळे संरक्षणाचे श्रेय दुधाला देण्याचा मोह होतो.

हे श्रेय देताना सावध राहावे लागते, कारण याच काळात बाळाच्या शरीरात आणखी दोन गोष्टी घडत असतात. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात पोहोचतात आणि जन्मानंतर ती हळूहळू ओसरत जातात. शिवाय जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तातील निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन गर्भावस्थेतील प्रकारचे असते. अशा हिमोग्लोबिनच्या तांबड्या पेशींमध्ये हिवतापाचा परजीवी नीट वाढत नाही, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. हे हिमोग्लोबिनही सहा महिन्यांत बरेचसे नाहीसे होते. म्हणजे प्रतिपिंडे ओसरणे, हिमोग्लोबिन बदलणे आणि वरचे अन्न सुरू होणे या तिन्ही गोष्टी जवळपास एकाच वयात येतात, आणि कोणत्या बदलामुळे धोका वाढला हे निव्वळ निरीक्षणातून वेगळे काढणे अवघड होते. स्तनपान करणारी आणि न करणारी बाळे यांची वयाचा विचार न करता केलेली तुलना मला म्हणूनच फारशी विश्वासार्ह वाटत नाही.

दुधाची स्वतःची बाजू मात्र १९५२ मध्ये वेगळ्याच दिशेने पुढे आली. लिव्हरपूलमधील ब्रायन मेग्रेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, केवळ दुधावर ठेवलेल्या उंदरांमध्ये हिवतापाचा परजीवी जवळजवळ वाढतच नाही. पुढच्याच वर्षी फ्रँक हॉकिंग यांनी (विश्वरचनाशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचे वडील) यामागचे कारण दाखवले. दुधात पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल, म्हणजेच ‘पाबा’, फार कमी असते. उंदरांच्या आहारात ते मिसळताच परजीवी पुन्हा वाढू लागला.

पाबाला इतके महत्त्व का, हे परजीवीच्या गरजेत दडलेले आहे. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, तिथे दुणावत जातो आणि पेशी फोडून नव्या पेशींवर चाल करतो. दर वेळी नवे डीएनए बनवायला फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्व लागते. माणूस फोलेट अन्नातून तयार मिळवतो, तर परजीवी ते पाबापासून स्वतः बनवू शकतो. सल्फाडॉक्सिनसारखी सल्फा औषधे पाबाची जागा बळकावून नेमका हाच मार्ग अडवतात. फरक एवढाच की औषध पाबाचा वापर रोखते, तर दुधाच्या आहारात पाबाचा पुरवठाच तोकडा असतो.

या स्पष्टीकरणाला मर्यादा आहेत. उंदरांना दिलेले दूध मानवी नव्हते, आणि हा परिणाम पाबाच्या कमतरतेचा असल्याने तो केवळ आईच्या दुधाचा विशेष गुण म्हणता येत नाही. शिवाय काही प्रमाणात पाबा बनवण्याची यंत्रणा परजीवीकडे स्वतःचीही आहे. तरीही हा विचार मला लॅक्टोफेरिन हे दुधातील प्रथिन आणि दुधातील प्रतिपिंडे यांच्या विचारापेक्षा अधिक पटतो. हे दोन्ही घटक परीक्षानळीत परजीवीला रोखतात खरे, पण दुधातील प्रतिपिंडे प्रामुख्याने आतड्यात काम करतात आणि बाळाच्या रक्तात फारशी उतरत नाहीत. अतिसाराच्या जंतूंशी त्यांची गाठ आतड्यातच पडते, तर हिवतापाचा परजीवी डासाच्या सोंडेतून त्वचेवाटे रक्तात येतो आणि यकृतात वाढून तांबड्या पेशींकडे वळतो. उलट आहारात एखादा पदार्थ कमी असेल, तर त्याचा परिणाम रक्तापर्यंत आपोआप पोहोचतो.

म्हणून दुधाचे संरक्षण खरे असले तरी ते अंशतःच असणार, आणि त्यावर विसंबून मच्छरदाणी बाजूला ठेवता येणार नाही. आईला हिवताप झाला म्हणून अंगावर पाजणे बंद करण्याचेही कारण नाही, कारण हा रोग दुधातून पसरत नाही. आईने घेतलेल्या क्लोरोक्विनसारख्या औषधाचा अंश दुधात उतरतो, पण तो बाळाचे रक्षण करण्याइतका नसतो. बाळाला ताप आला तर त्याची स्वतंत्र तपासणी आणि वजनानुसार औषध लागते. आईला प्रायमाक्विन हे हिवतापावरचे औषध द्यायचे असल्यास मात्र तिच्यासोबत बाळाच्याही रक्तातील जी-६-पीडी विकराची तपासणी आवश्यक असते, कारण त्याची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. इतक्या लहान बाळांसाठीची औषधे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली, बहुधा त्यांना हा रोग होतच नाही या समजुतीमुळे. दोन ते पाच किलो वजनाच्या बाळांसाठी खास बनवलेल्या आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन औषधाला स्वित्झर्लंडमध्ये मान्यता मिळायला २०२५ साल उजाडावे लागले.